गुरुवारच्या आम्ही सहाजणी

पायवाट | सोमवार, रात्री १०:५०

मागच्या आठवड्यात स्तनाच्या कर्करोगाच्या केमोत भेटलेल्या आम्हा सहाजणींचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट तीन दिवस गप्प होता. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सकाळी साडेसहाला कुणीतरी चहाचा फोटो टाकतं, मग दिवसभर हाताची सूज, पोरांच्या परीक्षा, पुढून बटणं असलेले सुती गाऊन कुठे चांगले मिळतात, असं काही ना काही चालू असतं. शुक्रवारी दुपारी आमच्यातल्या एकीने लिहिलं, "पेट स्कॅनचा रिपोर्ट आला. हाडांत आहे." सगळ्यांनी वाचलं. उत्तर कुणीच दिलं नाही. मीही नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी आम्ही कोण ते सांगते.

मी डोंबिवलीची. २०२१ च्या पावसाळ्यात डाव्या स्तनातली गाठ कळली. ऑपरेशन झालं, मग केमो. आधी लाल औषधाच्या चार, एकवीस-एकवीस दिवसांनी. नंतर दर आठवड्याला एक, अशा बारा. माझा वार गुरुवार. करोनामुळे सोबतच्या माणसाला बाहेरच थांबावं लागायचं. आत आम्ही बायका एकेकट्या, शेजारी-शेजारी, हाताला सलाईन लावलेल्या. पहिल्या दिवशी मी रडत होते, तर बाजूच्या खुर्चीवरून एक हात पुढे आला. हातात मीठ लावलेल्या आल्याचा तुकडा. "चोखत राहा, मळमळ दबते. माझी ही पाचवी आहे." डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, कागद दिले होते. पण पाच केमो घेतलेली बाई शेजारी बसून आलं चघळते आहे, हे बघितल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

त्या आमच्या खानदेशातल्या मावशी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या. मग हळूहळू बाकीच्या भेटल्या: भाचीकडे मुंब्र्याला राहिलेल्या रत्नागिरीच्या आपा, कुर्ल्याला भाजी विकणाऱ्या आक्का, बँकेत नोकरी करणारी एकतीस वर्षांची आमची धाकटी, आणि विरारच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. त्यांना आम्ही सगळ्या 'बाई'च म्हणतो.

आम्ही एकमेकींसाठी फार मोठं काही केलं नाही. आक्कांचे केस गेले तेव्हा धाकटीने तिच्या जुन्या ओढण्यांचे मऊ रुमाल शिवून आणले. ऑपरेशननंतर काखेत राहणाऱ्या नळीची पिशवी अडकवायला मावशींनी लुगड्याची झोळी शिवली. ती मी नंतर तीन बायकांना दिली, आता चौथीकडे आहे. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या पेशंटला चढता येतं, हे आपांनी सांगितलं. मग ठरवून एकाच गाडीला भेटू लागलो. केस परत आले की लोक संशयाने बघतात, तुम्हाला काय झालंय विचारतात. दोघी असल्या की उत्तर द्यायला बळ येतं.

भिशी आहे पाचशेची. चिठ्ठी काढत नाही. ज्या महिन्यात जिची तपासणी, त्या महिन्यात तिचा नंबर. आणि एकच नियम: औषधाचा सल्ला कुणी कुणाला द्यायचा नाही. कारल्याचा रस, गव्हांकुर, अमक्या गावचा वैद्य, काहीही नाही. तो नियम एकदा मोडला होता, त्याचा त्रास एकीला झाला, तेव्हापासून पक्का आहे.

तो रिपोर्ट बाईंचा होता. आणि अशा आम्ही त्या तीन दिवसांत गप्प बसलो. माझ्या मनात काय आलं ते लिहिते. बाईंसाठी पोटात तुटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची भीती वाटली. बाईंचा आणि माझा आजार एकाच जातीचा, हार्मोनवर वाढणारा. गोळीसुद्धा एकच. म्हणजे आता माझाही नंबर. मी फोन उपडा ठेवला आणि कपाट आवरायला घेतलं.

आज सकाळी बाईंनीच लिहिलं, "मी वर्ग सोडून गेलेली नाही. हजेरी घ्या."

त्यावर पहिल्यांदा बोलल्या आक्का. त्यांना लिहिता येत नाही, त्या आवाज पाठवतात. "बाई, गुरुवारी येते. मेथी आणू का शेपू?"

माझं विचारणं असं आहे. ज्यांच्या मैत्रिणींत असं झालं आहे त्यांनी काय केलं? आम्ही गुरुवारी सगळ्या जाणार आहोत. तिथे मी काय बोलू? आणि एकूणच, या आजारात रोजच्या रोज कुणाच्या कशाचा आधार वाटला तेही लिहा. आत्ता ज्या पहिल्या केमोला निघाल्या आहेत त्यांना उपयोग होईल.

---

रानजाई | सोमवार, रात्री ११:३२

पायवाटताई, तीन दिवस गप्प राहिलात म्हणून स्वतःला खाऊ नका. आमच्या गटात तर एक जण गटातून निघूनच गेली होती. सहा महिन्यांनी परत आली, आम्ही काही विचारलं नाही.

मी नागपूरची. माझा आधार म्हणजे अमरावतीची एक मैत्रीण. अजून आम्ही प्रत्यक्ष भेटलेलो नाही. दोघींचं ऑपरेशन एकाच आठवड्यात, दोघींचीही उजवी बाजू. हात खांद्याच्या वर जाईना. फिजिओथेरपीच्या ताईंनी भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला होता. तो एकटीने होत नाही हो, डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस सोडून देतं. मग रोज संध्याकाळी सातला आम्ही दोघी व्हिडिओ लावून आपापल्या भिंतीपाशी उभ्या राहायचो. जिथवर बोट पोचलं तिथे पेन्सिलने रेघ. तिची रेघ माझ्या पुढे गेली की मला जोर यायचा. पाडव्याच्या दिवशी मी माझ्या हाताने वेणी घातली आणि आधी तिला दाखवली, नवऱ्याला नंतर. घराला रंग दिला तेव्हा तेवढी भिंत सोडायला लावली आहे.

एक आठवण सगळ्यांनाच: ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो नको. आपण विसरतो, म्हणून मैत्रीण सोबत असली की तिनेच पुढे होऊन सांगायचं.

---

चैत्रपालवी | मंगळवार, सकाळी ७:१५

मी इथे नवीन आहे. माझ्या आईची पहिली केमो येत्या सोमवारी, लाल औषधाची. आई काहीच बोलत नाही, फक्त घर झाडत असते. मी सोबत काय नेऊ? आणि तिच्याशी काय बोलू?

---

पायवाट | मंगळवार, सकाळी ७:४०

पालवी, आधी तुला जवळ घेते.

शाल ने, आत गार असतं. पाण्याची बाटली, पुढून उघडणारा सैल सुती कुडता, फाईल आणि फाईलमधल्या महत्त्वाच्या कागदांचा वेगळा संच. त्या दिवशी लघवी लाल होईल. ते औषधाच्या रंगामुळे असतं, आईला आधीच सांगून ठेव. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी बाथरूममध्ये किंचाळले होते.

घरात चांगला थर्मामीटर हवाच. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल. घरच्या घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा तापही अंगाशी येतो.

तोंडाची चव जाते, स्टीलच्या चमच्याने सगळं लोखंडासारखं लागतं. मी लाकडी चमचा वापरायचे. मऊभात-मेतकूट, कोकमाचं सार, ताकाची कढी यातलं काहीतरी जातंच. जे जाईल ते, जेव्हा जाईल तेव्हा.

आणि बोलायचं काही नाही. तिला घर झाडू दे. तू सुपली धर.

---

मोगरीचा_वेल | मंगळवार, दुपारी १:०५

थर्मामीटरवरून आमची संक्रांत आठवली. आम्ही साताऱ्याच्या चौघी. त्या वर्षी तिघींच्या डोक्यावर केस नव्हते आणि चौथीचे यजमान आदल्याच वर्षी वारले होते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हळदीकुंकू करायचंच. आणि सगळ्यांना बोलवायचं." सगळ्यांना म्हणजे तिलाही. तिला आधी बसवलं, कुंकू लावलं. ती ओशाळली होती, मग तिने सासूबाईंचा हात बराच वेळ सोडला नाही.

वाण म्हणून प्रत्येकीला एकेक थर्मामीटर. सुगडाशेजारी ठेवलेले, हळद-कुंकू लावलेले. पुढच्या महिन्यात त्यातल्याच एकीला रात्री १०१ ताप भरला, आणि वाणानेच तो दाखवला. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. आता बरी आहे, तिच्या नातीचं बारसं आहे दिवाळीनंतर.

आणखी एक. माझी एक बाजू पूर्ण काढली आहे. बाजारातला सिलिकॉनचा उरोज महाग होता. सासूबाईंनी सुती कापडाची पिशवी शिवली, कापूस भरला. पण नुसत्या कापसाला वजन नसतं, ब्लाउज त्या बाजूला वर चढतो, खांदाही वाकडा पडायला लागतो. मग त्यांनी मध्ये मोहरीची पुरचुंडी घातली. तागडीत तोलून, नीट अंदाज घेऊन. सत्तरीच्या बाई, चष्मा लावून हे करत होत्या. पावसाळ्यात मोहरी बदलावी लागते, नाहीतर कुबट वास येतो. हल्ली काही ठिकाणी बायका सुताचे विणलेले उरोज करून मोफत देतात, हलके आणि धुता येणारे. पण मी अजून मोहरीचाच वापरते.

---

सह्यकडा | मंगळवार, रात्री ९:२०

मी पुरुष आहे, लिहू का नको असं वाटत होतं. बायकोची सातवी केमो झाली. घरातलं मी सगळं करतो, स्वयंपाकही शिकलो. ती माझ्याशी "ठीक आहे" यापलीकडे बोलत नाही. पण तिची केमोतली एक मैत्रीण आहे, तिच्याशी तासतासभर बोलते, हसतेसुद्धा. मला आनंद होतो आणि कुठेतरी लागतंही. माझं काय चुकतंय?

---

अमृतवेल | मंगळवार, रात्री १०:४८

सह्यकडा, तुमचं काही चुकत नाही. तुमच्यासमोर तिला तुमची काळजी वाटते. ती "दुखतंय" म्हणाली की तुमचा चेहरा उतरतो आणि मग तिला तुम्हाला सावरावं लागतं. मैत्रिणीला सावरावं लागत नाही, कारण तिचंही दुखतंय. तो तासभर तुम्ही तिला द्या. मुलांना घेऊन खाली जा, दार लावून घ्या. तो तुम्ही दिलेलाच तास आहे, आणि तिला ते कळतं.

पायवाट, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते, कारण मी बाईंच्या जागी आहे. तीन वर्षं झाली, हाडं आणि यकृत. एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी, असं माझं कॅलेंडर. माझा आजार बरा होणारा नाही, पण सध्या आवरून धरलेला आहे. मी नोकरी करते, भाकरी करते, गेल्या महिन्यात पंढरपूरला जाऊन आले.

माझ्या मैत्रिणींचं काय चुकलं आणि काय बरोबर आलं ते सांगते.

चुकलं हे की त्या माझ्यासमोर स्वतःच्या तक्रारी सांगेनाशा झाल्या. "तुझ्यापुढे आमचं काय." अहो, मला तुमचं गुडघ्याचं दुखणं ऐकायचं आहे! तुमच्या सुनेबद्दल ऐकायचं आहे. मला एकदम देव्हाऱ्यात बसवून सगळ्या लांब उभ्या राहिल्या. आणि "तू वाघीण आहेस, तू हरवशील त्याला" हे वाक्य. पहिल्यांदा आजार झाला तेव्हा मलाही ते आवडायचं. आता ऐकलं की वाटतं, म्हणजे पसरला तो माझ्या कमी लढण्यामुळे का? मी एकही गोळी चुकवली नव्हती.

बरोबर आलं ते एकीचं. तिने फोन करून सांगितलं, "मला तुझी बातमी ऐकून माझीच भीती वाटली, म्हणून चार दिवस फोन केला नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे, मलाही तुमच्या जागी तेच वाटलं असतं. त्यानंतर आमच्यात आडपडदा राहिला नाही. तुम्ही इथे जे लिहिलं आहे ते बाईंना सांगा. जसंच्या तसं.

---

समईवात | बुधवार, सकाळी ११:१०

अमृतवेल, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी रुग्णांच्या समुपदेशनाचं काम करते, त्यातली एक गोष्ट इथे लिहावीशी वाटते.

१९८९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ८६ स्त्रिया होत्या. त्यातल्या काही जणी वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून बोलत. त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या असं दिसलं, आणि जगभर आशा पसरली. पुढे कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच मोठा अभ्यास झाला, तो २००१ मध्ये आला. त्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण ज्या गटात होत्या त्यांचं दुखणं कमी जाणवलं आणि मनाचा त्रासही कमी झाला, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांचा.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण काही बायका मला विचारतात, "मी गटात जात नाही म्हणून माझं आयुष्य कमी होईल का?" नाही होणार. ज्यांना एकटं बरं वाटतं त्यांनी एकटं राहावं. आणि जी मैत्रीण गेली ती कुणाचा आधार कमी पडला म्हणून गेली असंही नाही. पण रात्री दोन वाजता हाड ठणकताना, उद्या अमकीला सांगेन, एवढ्यानेही ते दुखणं सोसवतं. हे मी खूप जणींकडून ऐकलं आहे.

---

चैत्रपालवी | बुधवार, रात्री ८:३०

सुपली धरली. आई अचानक म्हणाली, "केस गेल्यावर तुझ्या बाबांसमोर कशी जाऊ?" मग आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. बाबाही आले. त्यांना ऐकू गेलं होतं बहुतेक, काही बोलले नाहीत, चहा करून आणला. मोगरीचा_वेल, तुमच्या सासूबाईंबद्दल आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्यांना माझा नमस्कार कळव.

---

रानजाई | बुधवार, रात्री ९:०२

पालवी, केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. झुबके हातात येतात ते बघणं फार जड जातं. आईची तयारी असेल तर आधीच बारीक कापून घ्या. माझे माझ्या बहिणीने कापले, अंगणात, उन्हात बसवून. आणि गावाहून रेल्वेने येणार असाल तर उपचारासाठीच्या प्रवासात सवलत असते, स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच खेपेला मागून घ्या.

---

पायवाट | शुक्रवार, सकाळी ६:५५

काल गेलो. सगळ्यांना कळवायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

विरारला दहा वाजता पोचलो. आक्कांनी मेथी आणि शेपू दोन्ही आणलं होतं. मावशी जळगावहून रात्रीच्या गाडीने आल्या, सोबत कळण्याच्या भाकरीचं पीठ. बाई दारात उभ्या होत्या, कंबरेला पट्टा. मी चपला काढता काढताच बोलून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. "बाई, मी घाबरले होते. तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी. म्हणून गप्प बसले." अमृतवेल, तुमचंच वाक्य.

बाई म्हणाल्या, "माझ्या आधी तुला झालं असतं तर मीही पळाले असते. आत ये, मेथी निवडायची आहे."

मग दिवसभर मेथीच निवडली म्हणायची. आपा मध्येच रडल्या, बाईंनी त्यांना पाणी दिलं. मी माझ्या गुडघ्याचं सांगितलं, मुद्दाम नाही, खरंच दुखत होता. धाकटीने सांगितलं की एका मुलाचं स्थळ आलंय आणि त्याला तिने पहिल्याच भेटीत आजाराचं सांगितलं. तो पुन्हा भेटायला आला. त्यावर तासभर चर्चा. बाईंचे प्रश्न सगळ्यात जास्त!

महिन्यातून एकदा हाडांसाठी सलाईन असतं बाईंना. एका वहीत पाळ्या लिहिल्या: पुढची मी, मग आपा, मग धाकटी रजा टाकून. आक्कांचा धंदा बुडतो म्हणून त्यांना पाळी दिली नव्हती, त्या रागावल्या, मग चौथी त्यांची. मावशी लांब राहतात, त्यांनी रोज रात्री नऊला फोन करायचं घेतलं आहे.

निघताना भिशीचे पैसे काढले. या महिन्याचा नंबर धाकटीचा, तिची मॅमोग्राफी आहे. ती म्हणाली, या वेळी बाईंना द्या. बाईंनी पाकीट उघडूनही बघितलं नाही, परत तिच्या पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, "माझा स्कॅन डिसेंबरात आहे. माझा नंबर डिसेंबरात. तेव्हा घेईन."